रोजच्या जागी खणलेला खड्डा

ईरा आणि निनाद,

शेवट आधी सांगून टाकते. मी समीरमामाला घरी आणायला गेले होते आणि त्याला न घेता परत आले. तेव्हा 'मग मामा आला का?' असं मनात धरून पानं उलटू नका. तो आला नाही, आणि येईल असं आता मला वाटतही नाही.

तुमची आई म्हणते, मुलांना थोडक्यात सांग. पण थोडक्यात तर तुम्ही वर्षभर ऐकताच आहात: मामा डोंगरात असतो, मामाचा मित्र गेला, मामा सध्या कोणाशी बोलत नाही. एवढ्यावरून कोणाला काय कळणार? तुम्ही आता लहान राहिला नाहीत. म्हणून परतल्यावर पंधरा दिवस पाय शेकून घेतले आणि प्रवासातली टिपणं समोर ठेवून हे लिहायला बसले. कुठे अडलात तर आईकडून वाचून घ्या.

बर्फाचं मी तुम्हाला काय सांगणार? कॅनडात तुमच्या दारात तो पाच महिने पडलेला असतो. पण तुमचा बर्फ सपाट जागेवर असतो, फावड्याने बाजूला केला की संपलं. मी पाहिला तो उतारावर होता.

गढा, जबलपूर: निघण्याआधी

यादी केल्याशिवाय मी ग्वारीघाटावरसुद्धा जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. यावेळची यादी दोन पानं झाली. लोकरीचे मोजे चार जोड, गरम पाण्याची पिशवी, गुडघ्याचे पट्टे, तिळाचे लाडू, आणि समीरला आवडते म्हणून खोव्याची जिलेबी, ती काळपट, आपल्या जबलपूरचीच. काठी घेऊन गोहलपुरात गेले आणि तिथल्या एका वर्कशॉपमध्ये तिला खाली लोखंडी टोक बसवून घेतलं. भैयांनी टोक घासून धारदार केलं, बोटाने तपासलं आणि विचारलं, "दीदी, किसको मारने जा रही हो?"

"अपने लड़के को लेने जा रही हूँ," मी म्हणाले.

"तो फिर दो बनवा लो."

शेजारच्या भाभींना मात्र हसू येत नव्हतं. "इकहत्तर की उमर में पहाड़ जाओगी? फोन कर लो न उसको." फोन मी वर्षभर करतच होते. पलीकडून रोज तीच तीन उत्तरं यायची. बरा आहे. जेवलो. ठेवतो.

ज्यांना अर्धंच माहीत आहे त्यांच्यासाठी, म्हणजे तुमच्यासाठी, मागचं थोडं सांगते. समीरने पुण्यातली नोकरी सोडली आणि हिमाचलात लाहौलच्या एका गावी अंगरूप आणि तोब्दन या दोघांबरोबर काम सुरू केलं. लोकांना बर्फावर घेऊन जायचं. तिथे लिफ्ट नसते, आखलेली वाट नसते. स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून डोंगर पायाने चढायचा, वर पट्ट्या काढायच्या आणि घसरत खाली यायचं. कोणता उतार त्या दिवशी धरून राहील आणि कोणता सुटेल, हे ओळखणं म्हणजेच ते काम. तिघांत ही जबाबदारी समीरची होती, कारण नोंदी ठेवण्यात तो पक्का. गेल्या वर्षी माघात समीर आणि अंगरूप एका उतारावर गेले. उतार सुटला. अंगरूप त्यात गेला. समीर वाचला. त्यानंतर तो अंगरूपच्याच घरी राहू लागला, त्याच्या म्हाताऱ्या आईजवळ.

नोंदी ठेवण्याची सवय त्याला कोणी लावली, तेही सांगितलं पाहिजे. आपल्या अंगणात नळाशेजारी पर्जन्यमापक आहे. तुम्ही लहानपणी त्यात गोट्या टाकल्या होत्या आणि मी रागावले होते. शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हा मी तो बसवला. समीर नऊ वर्षांचा झाल्यापासून सकाळी साडेआठला तो पाऊस मोजायचा. माझे नियम दोनच होते. वेळ बदलायची नाही आणि जागा बदलायची नाही. जागा बदलली की कालचा आकडा आजच्या आकड्याशी बोलत नाही, असं मी म्हणायची. चांगलं वाक्य होतं. वर्गातही पुष्कळदा वापरलं.

बोगद्यापलीकडे

मनालीपर्यंतचा प्रवास गाळते, त्यात थंडी आणि ढाबे याशिवाय काही नव्हतं. मनालीला तोब्दन गाडी घेऊन आला होता. पस्तिशीचा, रुंद चेहऱ्याचा माणूस. माझी बॅग उचलताना म्हणाला, "मॅडम, इसमें पत्थर हैं?"

"जलेबी है."

"यहाँ पहुँचते-पहुँचते पत्थर हो जाएगी." झालीच.

लाहौलात नेणाऱ्या बोगद्याच्या अलीकडे देवदार होते, दुकानं होती, भाड्याने घेतलेले रंगीत कोट घालून फोटो काढणारी माणसं होती. बोगदा संपला आणि रंगच संपले. पांढरा डोंगर, त्यात काळे खडक, खाली शाईसारखी नदी. मी पस्तीस वर्षं नकाशात हिमालय तपकिरी रंगवायला शिकवला. तोब्दन बोट दाखवत होता. "यहाँ परसों ग्लेशियर आया. वहाँ पिछले साल." तिकडे हिमस्खलनाला सरसकट 'ग्लेशियर आला' म्हणतात. भूगोलाच्या मास्तरणीची जीभ शिवशिवली, पण ज्यांच्या डोक्यावर तो येतो त्यांची भाषा आपण कशाला दुरुस्त करायची, म्हणून गप्प बसले.

गावात शिरण्याआधी त्याने गाडीतलं गाणं बंद केलं आणि हळू आवाजात सांगितलं, की संक्रांतीनंतर काही आठवडे गावचे देव वर स्वर्गात गेलेले असतात. तोवर गावात कोणी मोठ्याने बोलत नाही. ढोल नाही, टीव्हीचा आवाज नाही, हाका मारणं नाही. आपल्याकडे संक्रांतीला नर्मदेच्या घाटावर लाऊडस्पीकरची काय चढाओढ असते! इथे माणसं एकमेकांच्या कानाशी जाऊन बोलत होती. त्यामुळे कोणतं मौन नियमाचं आणि कोणतं दुःखाचं, हे मला बरेच दिवस ओळखता आलं नाही.

समीर रस्त्यावर उभा होता. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, ओठ उन्हाने फाटलेले. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "तू काहून आली, आई? एवढ्या थंडीत."

"तू येऊन नाही राहिला, म्हणून मी आली."

त्यावर त्याने काठीचं टोक पाहिलं. "हे कोणी बसवलं? चांगलं आहे." बस्स. वर्षभराने भेटलेल्या मायलेकरांचं एवढंच बोलणं झालं.

अंगरूपच्या आईला सगळं गाव आमा म्हणतं. माझ्याच वयाची असेल, पण खांद्यांनी माझ्या दुप्पट. त्यांच्या अंगणातल्या गोठलेल्या पाण्यावरून मी पहिल्याच पावलाला घसरले आणि गोहलपुरच्या टोकासकट सपशेल बसले. आमांनी तोंडावर हात ठेवला, त्यांचे खांदे हलू लागले, आवाज मात्र काही नाही. मग मला एका हाताने उचलून आत नेलं. घराच्या मधोमध एक खोली, तिच्या मधोमध लोखंडी शेगडी; तिला तिकडे तंदूर म्हणतात. सगळा हिवाळा त्या शेगडीभोवती काढायचा. प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली. जिलेबी शेगडीवर मऊ करून खाल्ली. आमांनी मीठ-लोण्याचा चहा दिला. पहिला घोट मी आमटी समजून घेतला, म्हणून बरा गेला. समीर खिडकीकडच्या गादीवर बसला. त्या गादीच्या वर भिंतीला अंगरूपचा फोटो होता. फोटोला पांढरं रेशमी वस्त्र घातलेलं, चेहरा हसरा.

मी तेव्हा ते नुसतं पाहिलं. त्यात काही वाचलं नाही.

तिसरा दिवस: दोन खड्डे

रोज सकाळी समीर फावडं घेऊन एकटा बाहेर पडायचा. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, मी पण येते. नाही म्हणाला नाही. घरामागच्या सपाट शेतात, वाफ्यांवर साचलेल्या बर्फात त्याने कमरेएवढा खड्डा खणला आणि एक भिंत चाकूने तासून गुळगुळीत केली. भिंतीत थर दिसत होते, भेडाघाटच्या खडकात दिसतात तसे. हा मार्गशीर्षातला बर्फ, हा त्यावर आलेल्या वाऱ्याचा, हा परवाचा. मग त्याने भिंतीतून चौकोनी खांब कापून मोकळा केला, त्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि वर थापा मारू लागला. दहा मनगटातून. दहा कोपरातून. दहा खांद्यातून. खांब थोडा दबला, पण उभा राहिला.

"तीस थापा. काही नाही सरकलं," तो म्हणाला. "आता इकडे चाल."

पन्नास-साठ पावलांवर, जिथे ऊन पोचत नाही, तिथे माणसाच्या उंचीचा एक लहानसा बांध होता. उतार होता, पण त्यावरून सुटून सुटून काय सुटणार, एवढाच. तिथे त्याने तसाच खड्डा खणला. भिंत वेगळी दिसत होती. खाली खडकाजवळ करडा, रवाळ थर. मी हातमोजा काढून तो मुठीत दाबला. तुम्ही दोघं बर्फाचे गोळे करता ना? याचा गोळा होईना. तूप कमी पडलेल्या रव्यासारखा बोटांतून गळून गेला. समीर म्हणाला, बर्फ पातळ असला आणि थंडी कडक असली की तळाचा बर्फ असा साखर होतो. मग वर कितीही पडो, वारा आणून कितीही दाबो, ते सगळं साखरेवर उभं असतं.

त्याने खांब कापला. मनगटातून दहा थापा. कोपरातून पहिली. अकराव्या थापेला वरचा अख्खा तुकडा, टेबलाचा खण उघडावा तसा, अलगद पुढे आला.

तो पाहताच मला पुढचा प्रश्न सुचला, आणि तो विचारायचा नव्हता हेही कळलं. तरी विचारला.

"त्या दिवशी खड्डा कुठे खणला होता?"

"शेतात," तो म्हणाला. "रोजच्या जागी. साडेआठला."

मग त्याने सांगितलं, फावड्यावर दोन्ही हात ठेवून, हळू आवाजात. पंधरा दिवस तो त्याच शेतात खणत होता. वही सुंदर भरली होती, रोज तीस थापा, रोज ठीक. त्या दिवशी उताराच्या तोंडाशी अंगरूप म्हणाला, भाई, इथे पण एक खड्डा खणून बघू या का? दहा मिनिटांचं काम होतं. समीर म्हणाला, नको. इथला आकडा तिथल्याशी जुळणार नाही, नोंद बिघडेल.

"मी त्याला काय म्हटलं माहीत आहे, आई? जगह बदलोगे तो कल का आँकड़ा आज वाले से बात नहीं करेगा. तो हसला. म्हणाला, आपके आँकड़े आपस में बहुत बातें करते हैं, भाई. आणि पुढे निघाला."

उतार सुटला तेव्हा समीर कडेला होता, कमरेपर्यंत गाडला गेला. स्वतःला सोडवून, दोघांच्या छातीला बांधलेल्या शोधयंत्राच्या आवाजावरून त्याने अंगरूपची जागा शोधली आणि खणलं. खूप खोल होता. हात लागला तेव्हा उशीर झाला होता.

त्या सकाळी ऊन स्वच्छ होतं आणि माझ्या तळव्यावर ती साखर अजून वितळत होती. मी म्हणाले, "समीर, तो माझा नियम होता. माझं वाक्य होतं ते."

"तुझा नियम पावसाचा होता. बर्फाला मी लावला."

"पण शिकवला तर मीच न?"

"आई," तो म्हणाला, "तू काहून वाटून घेऊन राहिली? याच्यात वाटे नाही पडत."

मग त्याने दोन्ही खड्डे बुजवले. उघडे ठेवायचे नसतात, कोणी पडेल.

फळा

गावच्या चहाच्या टपरीवर एक फळा आहे. समीर रोज सकाळी त्यावर लिहितो आणि तेच फोनवरच्या ग्रुपमध्ये पाठवतो. मी पोचले त्या दिवसापासून निघेपर्यंत त्यावर एकच ओळ होती: आज ऊपर न जाएँ. बर्फ पडून गेला तरी तीच, चार दिवस कोरडं ऊन पडलं तरी तीच.

"रोज यही लिखते हैं," तोब्दन चहाच्या ग्लासवर हात शेकत म्हणाला. "पहले लोग पूछते थे, समीर भाई, आज कौन सी ढलान ठीक है. अब कोई पढ़ता नहीं, मॅडम. जो रोज मना करे उसको कौन पढ़ेगा? जिसको जाना है वो जाता है."

"खड्डे तर रोज खणतो. सगळीकडे खणतो," मी म्हणाले.

"खोदते हैं. सब ठीक निकले, तब भी मना लिखते हैं. हाथ से 'जाओ' नहीं निकलता उनके." त्याने चहा संपवला. "काम मैं अकेले चला रहा हूँ. बोलता नहीं हूँ. आप ले जाइए इनको."

म्हणजे आधी त्याची खरी वही खोटी ठरली, आणि आता त्याची काळजी कोणाच्या उपयोगाची राहिली नव्हती. फळ्यासमोरून माणसं खांद्यावर स्की टाकून जात होती. एकानेही मान वळवली नाही.

त्या दिवशी जेवताना मी विषय काढला. घर आहे, कामं मिळतील, नाही मिळाली तर माझं निवृत्तिवेतन आहे. समीर म्हणाला, "आमांचं छत कोण साफ करणार?" तिकडची छतं सपाट, मातीची. बर्फ पडला की लगेच काढावा लागतो, नाही तर छत खाली येतं.

सहावा दिवस: छताखाली

दुपारी मी आणि आमा शेगडीपाशी मर्चू तळत होतो. मर्चू म्हणजे जाडसर पुरीच म्हणा. आमांनी कणीक मळून दिली, मी लाटत होते. माझी पुरी फुगली की त्या मान डोलवायच्या. वर छतावर समीर बर्फ काढत होता. लाकडी फावडं ओढल्याचा आवाज आमच्या डोक्यावरून या टोकाकडून त्या टोकाकडे जात होता.

आमांनी झारा खाली ठेवला आणि माझ्या कानाशी आल्या.

"सुन रही हैं? रोज. मैं कहती हूँ छोड़ दे, मज़दूर लगा लूँगी. नहीं छोड़ता."

"तुम्हाला त्याचा आधार वाटतो, म्हणून तर..." मी हिंदीत सुरू केलं.

आमांनी मान हलवली. खिडकीकडच्या गादीकडे बोट केलं. "वो अंगरूप की जगह है. पहले दिन रोते हुए आया था, मैंने ही वहाँ बिठा दिया. अब उठाऊँ कैसे? सुबह आँख खुलती है, वहाँ कोई बैठा है. एक पल को लगता है... फिर वो मुँह घुमाता है." त्या थांबल्या. वर फावडं थांबलं होतं. पुन्हा सुरू झालं तेव्हा म्हणाल्या, "लड़का अच्छा है. मैं उसको गाली भी नहीं दे सकती. आप माँ हैं. आप ले जाइए."

कढईतला मर्चू करपला. आम्ही दोघींनी तो पाहिला आणि दोघींनी काढला नाही.

मुलांनो, पुढचा एक दिवस मी कोणाशी बोलले नाही. त्या गावात ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी नीटनेटका विचार केला. त्याला इथे धरून ठेवणारी गोष्ट एकच होती: आमांना आपली गरज आहे, हा त्याचा समज. तो समज काढला की तो मोकळा होईल. मग आमांची जागा रिकामी होईल, तोब्दनचं काम सुरळीत होईल आणि माझा मुलगा घरी येईल. एक वस्तू उचलून योग्य फडताळात ठेवावी, इतकं सोपं दिसत होतं मला ते. आयुष्यभर मी अशीच घरं आवरली, वर्ग आवरले.

आठव्या दिवशी सकाळी तो खणत असताना मी शेतात गेले आणि त्याला सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, आमांच्याच शब्दांत. गादीचं, सकाळी डोळे उघडण्याचं, तोंड वळवण्याचं.

तो खणायचा थांबला नाही. खड्डा पूर्ण केला. भिंत तासली, खांब कापला, पातं ठेवलं. मनगटातून दहा थापा मारल्या, आणि पुढे त्याला मोजता येईना. मी त्याच्या ओठांकडे पाहत होते. अकरा म्हणायला तोंड उघडायचा आणि पुन्हा दहावर यायचा. मग फावडं बाजूला ठेवून खड्ड्यातच बसला.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

"काय केव्हापासून?"

"केव्हापासून नको होतो मी त्यांना?"

मी म्हणाले, "तसं नाही म्हटलं त्यांनी, समीर. चाल न आता घरी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीकडची गादी घडी घालून ठेवलेली होती. चादर धुऊन दोरीवर टाकली होती, ती फळीसारखी ताठ गोठली होती. समीर सामान घेऊन तोब्दनच्या गोदामात राहायला गेला, जिथे स्की ठेवतात. शेगडी नाही, खिडकी नाही. घरी येण्याचं मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "अंगरूप इथे आहे, आई. मी तिकडे येऊन काय करू?"

आमा उठल्या, चहा ठेवला आणि सवयीने तीन वाट्या मांडल्या. तिसरी हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, नेहमीच्याच हळू आवाजात:

"मैंने कहा था, ले जाओ. मैंने ये तो नहीं कहा था कि उसको बता दो."

त्या दिवसापासून मी निघेपर्यंत आमांनी मला जेवायला वाढलं, पांघरूण दिलं, अंगणातल्या बर्फावर राख टाकून वाट केली. बोलल्या मात्र नाहीत. यावेळी ते मौन कोणतं होतं, हे मला ओळखता आलं.

निघताना

समीर गाडीपर्यंत आला. हातांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. मी उरलेले लाडू दिले, ते घेतले. माझी बॅग गाडीत नीट लावली. मी म्हटलं, छत आता कोण साफ करतं? म्हणाला, मीच. सकाळी त्या खाली गोठ्यात जातात तेव्हा शिडी लावून चढतो आणि त्या परत यायच्या आत उतरतो.

निघता निघता त्याने विचारलं, "आई, आपला मापक अजून नळापाशीच आहे न?"

"हो. तिथेच."

"भाभींनी तिसरा मजला चढवला, तेव्हापासून तो खोटं बोलून राहिला. वाऱ्याचा पाऊस भिंतीला अडतो, आत पडतच नाही. मागे आलो होतो तेव्हाच दिसलं होतं मला."

"मग बोलला काहून नाही?"

"तुझी वही बिघडली असती," तो म्हणाला.

गढा, परतल्यावर

इथे आले आणि तिसऱ्याच दिवशी मावठा आला. मी एक सरळ काठांचं पातेलं गच्चीवर उघड्यावर ठेवलं आणि सकाळी साडेआठला दोन्ही मोजलं. पातेल्यात पट्टी दोन बोटं बुडली. मापकाचा तळ जेमतेम ओला होता. भाभींचा तिसरा मजला चढून सहा वर्षं झाली. सहा वर्षं मी रोज, वेळ न चुकवता, नीट अक्षरात, चुकीचा पाऊस लिहीत आले आहे. शेजारून भिंत वर जात होती ती मी रोज पाहत होते. भाभींना वास्तुशांतीला साखरेची पाकिटंसुद्धा दिली होती.

मापक हलवावा, असं तुम्ही म्हणाल. हलवेन. पण अजून हलवलेला नाही. त्याच्याजवळ जाते आणि परत येते.

निघण्यापूर्वी तोब्दनने मला त्या ग्रुपमध्ये घातलं, 'मॅडम, खबर मिलती रहेगी' म्हणून. तेव्हा ग्रुपात बरीच माणसं होती. आता एकेक करून निघून गेली. स्वतः तोब्दनही परवा ग्रुपमधून निघाला, माफी मागून. तुमची आई म्हणते, दादाला एक फोन कर आणि सांग की तुझी चूक नव्हती. मुलांनो, त्याची चूक होती, माझीही होती, आणि हे आम्ही दोघंही इतकं नीट जाणतो की फोनवर बोलायला काही उरत नाही.

रोज सकाळी साडेआठला माझा फोन वाजतो. मी चष्मा लावते. समीरचा संदेश असतो: आज ऊपर न जाएँ. त्याची सूचना वाचणारी आता मी एकटी आहे, आणि मला कुठेच जायचं नाही.

तुमची,
आजी